मदत हवी आहे: चर्चच्या जुन्या वहीवर दमणचा शिक्का कसा?

बावखल:
सणाच्या स्मरणिकेसाठी पॅरिशचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 1739 पर्यंतचं सगळं मिळालं, किल्ला, पोर्तुगीज वगैरे. मग एकदम 1928 नंतरचं. मधलं गायब! त्यात लग्नाच्या जुन्या वहीत 1911 च्या पानावर दमणच्या बिशपांचा शिक्का. फादर म्हणतात मुंबईला विचारा, मुंबईवाले म्हणतात गोव्याला. शनिवारी मजकूर प्रेसला जायचाय. जाणकारांनी सरळ उत्तर द्यावं.

खडूस_काका:
कुठलं चर्च? तालुका कोणता? दमणजवळ राहता का? आम्ही अंतर्ज्ञानी नाही हो.

बावखल:
अहो वसईच, आणखी कुठलं! गाव सांगत नाही, समितीतले इथे वाचतात.

मोडी_माणूस:
पेशवे दप्तर. वसईच्या मोहिमेची पत्रं छापलेली आहेत, पण मजा मूळ कागदात. मोडी शिकून घ्या, महिनाभरात हात बसतो.

दर्यावर्दी:
शनिवारपर्यंत मोडी? धन्य आहात.

कादोडी_पोर:
बावखल, शिक्का बरोबरच आहे. 1886 साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, त्यातून दमणचा धर्मप्रांत निघाला आणि वसईची देवळं, म्हणजे चर्च, त्याच्याकडे गेली. पाद्रुआदो म्हणजे बिशप नेमण्याचा पोर्तुगालच्या राजाचा हक्क, तो इंग्रजी मुलखातही चालू होता. 1928 मध्ये दमण मोडलं, आपण मुंबईत. वसईला स्वतःचा बिशप मिळाला तो 1998 ला, थॉमस डाबरे. 1886 च्या आधीचं गोव्याच्या आर्चबिशपांकडे शोधा. मुंबईवाले टोलवत नव्हते, खरंच त्यांच्याकडे नसणार.

शेंडीवाला:
सोपं आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, चर्च बंद पडली, म्हणून मधला इतिहासच नाही.

कादोडी_पोर:
बंद पडली असती तर आम्ही आज कोण? तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक होती. गोरे पाद्री गेले, गावं एतद्देशीय पाद्रींनी सांभाळली. किल्ल्यातली देवळं ओस पडली, गावातली नाही. एवढा फरक करा.

शेंडीवाला:
मग मराठ्यांनी चर्चच्या घंटा का नेल्या? नारोशंकराच्या देवळात वसईची घंटा आहे, नाशिकला जाऊन बघा.

मोडी_माणूस:
भीमाशंकरलाही आहे. अवांतर: त्या घंटांचा कोणी एकत्र फोटोसंग्रह केलाय का?

संपादक:
घंटांसाठी वेगळा धागा काढा.

लिलीआत्या:
बाळा, वसईत आहेस तर आगाशीची सुकेळी कुठे चांगली मिळते रे? कॅनडाला पाठवायची आहेत.

बावखल:
आत्या, नंतर सांगतो. कादोडी_पोर, आभार. पण पानभर लिहायला मजकूर कुठून आणू? वहीत नुसत्या नोंदी आहेत.

खडूस_काका:
कोणत्या भाषेत? हेही आम्हीच विचारायचं?

बावखल:
पोर्तुगीज. काही पानं लॅटिन. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण शाई काळीभोर आहे.

दर्यावर्दी:
मग मजकूर हातात आहे की! प्रत्येक नोंदीखाली पाद्रीची सही असते. सही बदलली की साल टिपा, प्रमुख धर्मगुरूंची यादी तयार. आमच्या काकांनी असंच केलं. बाप्तिस्म्याच्या वहीत समासही बघा, तिथे पुढे झालेल्या लग्नाची नोंद असते, म्हणजे कोणाची मुलगी कुठल्या गावी गेली ते कळतं. मृत्यूच्या वहीत साथीचं वर्ष आपोआप दिसतं, एका पानावर एकाच आठवड्यातली नावं.

कादोडी_पोर:
हे मस्त. आणि स्मरणिकेत घोन्सालो गार्सियाला पाच पानं देऊ नका, प्रत्येक चर्च तेच करतं. वसईत जन्मले, 1597 ला नागासाकीत हुतात्मा झाले, 1862 ला संतपद. एवढं पुरे.

शेंडीवाला:
तुम्ही वसईचे ख्रिस्ती मूळचे सामवेदी ब्राह्मण होतात हे पण लिहा.

कादोडी_पोर:
सगळे नाही. कोळी, वाडवळ कुठे गेले?

बावखल:
भांडू नका. वही फादरांच्या कपाटात आहे, उद्या मिस्सानंतर बसतो. वाळवी लागलेल्या पानांचे फोटो फ्लॅश न लावता कसे काढायचे, कोणी सांगेल का?

खडूस_काका:
फोन कोणता?