मदत हवी आहे: वादळानंतर दोन-तीन दिवस लाईन नसते, घराची तयारी कशी करावी?

नवी_विहीर: यवतमाळ जिल्हा, टिनाचं घर. घरात सहा माणसं, त्यात आजी इन्सुलिनवर. गोठ्यात तीन ढोरं, बोअरवर १ एचपीची मोटर. १५० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. दोन साधे पंखे व चार एलईडी लावले की मध्यरात्रीच बंद पडतो. दुसरी बॅटरी घ्यावी की जनरेटर?

काळी_माती: भाऊ, आधी पंखे बदला. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, पण हे कागदावरचं. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेत राहिलं की लवकर मरते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरची घट वजा जाता ७५० उरतात. तुमचा लोड दोन पंख्यांचे १५० अधिक चार दिव्यांचे ३६, म्हणजे १८६ वॅट. चार तासांत खेळ संपतो. तेच ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि ९ वॅटचा एक दिवा लावा, जवळपास अकरा तास निघतात. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टरही १०-१५ वॅट खातो, त्यामुळे दिवसा बटण बंद ठेवा.

दुसऱ्या रात्रीसाठी ३६ सेलचं, १६५ वॅटच्या आसपासचं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणारी पेटी). चांगल्या उन्हात दिवसाला ५५० वॅट-तास मिळतात, आभाळ असलं तर बरेच कमी. ७२ सेलचं मोठं पॅनल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर लावू नका, निम्मी ताकद वाया जाते. त्याला एमपीपीटी प्रकारचाच कंट्रोलर हवा, तो जास्तीचं व्होल्टेज वाया घालवत नाही. पॅनल नुसत्या टिनाला कधीच आवळू नका, वादळात टिनासकट उडतं. खालच्या लोखंडी अँगलला बोल्ट करा, किंवा अंगणात काँक्रीटमध्ये रोवलेल्या स्टँडवर, दक्षिणेकडे २० अंश कलवून.

नवी_विहीर: आणि पाणी? मोटर इन्व्हर्टरवर चालेल का?

काळी_माती: नाही. सुरू होताना ती चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टर ट्रिप होतो. जनरेटर घ्यायचा तर ३ केव्हीएच्या आसपास लागेल. त्यापेक्षा पाणी साठवणं स्वस्त. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटरपर्यंत पितं, माणशी ४० धरा. तीन दिवसांचे साधारण १२०० लिटर होतात. १००० लिटरची टाकी आणि २०० लिटरचा एक ड्रम. आभाळ भरून आलं की मोटर लावायची, वारा सुटायची वाट पाहायची नाही.

तरीही जनरेटर घेतलाच तर चेंजओव्हर स्विच (लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. करंट उलटा डीपीत (गावाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) जातो, तिथून ११ हजार व्होल्ट होऊन लाईनवर चढतो आणि खांबावरच्या वायरमनचा जीव घेतो. जनरेटर उघड्यावर ठेवा, ओसरीत किंवा गोठ्यात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माठ_आणि_मडकं: आजींच्या इन्सुलिनचं. बंद फ्रिज चारेक तास थंडावा धरतो, दार उघडू नका. पुढे मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात घट्ट झाकणाचा डबा, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. पावसानंतर हवा दमट असली की हे कमी गार होतं, म्हणून आत थर्मामीटर हवाच. बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालते, पण नेमकी मर्यादा पाकिटातल्या कागदावर बघा.

तारजोडणी: सगळ्यात जास्त नुकसान लाईन परत येताना होतं, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. वादळात न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटला की दोन फेजच्या मधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटले जातात, आणि ज्याचा लोड कमी त्याच्याकडे जास्त जातात. टीव्ही, फ्रिज, चार्जर एका झटक्यात. म्हणून लाईन गेली की मेन एमसीबी (मुख्य स्विच) पाडा. आली की आधी एकच जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) लावून पाहा. फार प्रखर किंवा मिणमिणता दिसला तर लगेच बंद. मेनवर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, त्यातला वरचा कटऑफ २७० व्होल्टच्या आसपास ठेवतात. अर्थिंगही तपासा: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडला सोडते. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

वावरात तार पडलेली दिसली तर ढोरं तिकडे सोडू नका, आणि तारेत करंट नसेल असं समजून तिला हात लावू नका. महावितरणच्या १९१२ वर कळवा. तक्रारीला १२ अंकी ग्राहक क्रमांक लागतो, तो मीटरच्या पेटीवरच लिहून ठेवा.