मदत हवी आहे: मधुमेह, फॅटी लिव्हर आणि इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरचं यंत्र

मंडळी, इंदूरला टाइप २ मधुमेह आणि ग्रेड २ फॅटी लिव्हरच्या रुग्णांसाठी इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर (टोचलेल्या सुयांतून सौम्य वीजप्रवाह देणं) सुरू करायचं आहे. गोळ्या, पथ्य, चालणं आहे तसंच राहील. यकृतातली चरबी उतरवायला वजन घटवणं हा मुख्य भरवशाचा उपाय, ही नुसती जोड.

सुया टोचायचे बिंदू एसटी ३६ (गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट) आणि एसपी ६ (पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं). सुया ०.३० × ४० मिमी, २ हर्ट्झ, २० मिनिटं, स्नायू जेमतेम फडफडेल इतकाच प्रवाह. अडचण न्यूरोपॅथीची, म्हणजे मधुमेहाने नसा खराब होण्याची. पाय बधिर, त्यामुळे ‘झिणझिण्या येतायत का?’ला उत्तर नाही, आणि प्रवाह वाढवायचा नॉब पुढेच सरकतो. अशांचा प्रवाह नुसत्या फडफडीवरून ठरवता का?

शिवाय काही स्वस्त यंत्रांत एकाच दिशेचा प्रवाह उरतो. सुई गंजते, टोचल्या जागी कातडी भाजते. दोन्ही दिशांना समतोल लहर देणारं, ऑसिलोस्कोपवर (लहरीचा आकार दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासलेलं यंत्र कुणाकडे आहे? पेसमेकरवाले घेत नाहीच. पण ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनवाल्यांची साखर फार उतरू नये म्हणून ती सत्रानंतर किती वेळाने बघता? उपाशीपोटी तर बसवत नाही ना कुणी?