‘एम्बेडेड’ पत्रकाराला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी

२००३ च्या इराक युद्धावरच्या एका मोठ्या लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात ‘एम्बेडेड जर्नालिस्ट’, म्हणजे सैन्याच्या तुकडीबरोबर राहून बातम्या देणारा पत्रकार, पानोपानी येतो. कोशात पाहिलं तर रुतवणे, जडवणे, खोचणे असे अर्थ मिळतात, ते माणसाला लावता येत नाहीत. ‘लष्करी बातमीदार’ असं लिहिलं तर चालेल का? त्याच लेखात ‘ॲक्रेडिटेड’, ‘पूल’ आणि ‘युनिलॅटरल’ पत्रकारही आहेत. सगळ्यांना ‘युद्धवार्ताहर’ म्हटलं तर लेखाचा मुद्दाच हरवतो.

जुना उपसंपादक

‘बातमीदार’ इथे कृपया नको. आपल्याकडे हा शब्द दोन घरचा आहे. वर्तमानपत्रात बातमीदार म्हणजे पत्रकार, पण पोलिसांच्या पत्रकात आजही ‘गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली’ असंच येतं. मराठेशाहीतही शत्रूची बातमी काढणं हे हेरांचंच काम होतं. रणभूमीवर पत्रकाराच्या जिवाला असलेला मोठा धोका नेमका हाच आहे, की त्याला कोणीतरी हेर समजावं. त्यात ‘लष्करी’ जोडलं तर तो सैन्याने पाठवलेला खबऱ्याच वाटेल. ‘वार्ताहर’ घ्या, तो वार्ता वाहून नेतो एवढंच सांगतो.

‘युद्धवार्ताहर’ सरसकट वापरू नका, हे तुमचं बरोबर आहे. त्याला कायद्यात ठरावीक अर्थ आहे. युद्धकैद्यांविषयीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्याचा घटक नसलेला, पण सैन्याच्या परवानगीने त्याच्याबरोबर जाणारा वार्ताहर वेगळा सांगितला आहे. तो ओळखपत्र बाळगतो आणि पकडला गेला तर युद्धकैदी ठरतो. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणारा पत्रकार जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलनुसार नागरिक आहे. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, पण तुमच्या लेखासाठी फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘ॲक्रेडिटेड’ला आपल्याकडे रुळलेला शब्द आहे, अधिस्वीकृत. मंत्रालयात जाणाऱ्या पत्रकारांकडे अधिस्वीकृती पत्रिका असते, तोच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अधिस्वीकृती दिलेले वार्ताहर गणवेश घालत. त्यावर हुद्द्याची चिन्हं नसत आणि त्यांचा मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जाई.

‘पूल’ तसाच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे वाक्यात समजावून सांगा. १९९१ च्या आखाती युद्धात मोजक्या पत्रकारांना लष्करी देखरेखीखाली आघाडीवर नेत आणि त्यांनी पाठवलेला मजकूर बाकीचे सगळे वापरत. अनेकांना तो काच असह्य झाला. २००३ ची एम्बेडिंगची व्यवस्था त्या नाराजीनंतर आली, हे समजल्याशिवाय तो शब्द कळत नाही.

एम्बेडेडसाठी माझी पसंती तुकडीसोबतचा वार्ताहर. ‘संलग्न’ मला कोरडा वाटतो. संलग्न महाविद्यालय असतं, माणूस तुकडीबरोबर जातो, जेवतो, झोपतो.

रानपाखरू

‘सोबत’ हा फार प्रेमळ शब्द आहे, त्यात बंधन दिसत नाही. तुकडीचं अन्न, तुकडीचं वाहन, तुकडीचं संरक्षण. सरळ ‘लष्कराश्रित’ म्हणा.

जुना उपसंपादक

बंधन दिसायला हवं, हे मान्य. त्या पत्रकारांनी नियमांवर सह्या केल्या होत्या. चालू मोहिमेचं नेमकं ठिकाण सांगायचं नाही, शस्त्र बाळगायचं नाही, स्वतःची गाडी वापरायची नाही. फॉक्स न्यूजच्या हेराल्डो रिव्हेरा यांनी थेट प्रक्षेपणात वाळूवर नकाशा काढून तुकडीच्या हालचाली दाखवल्या आणि त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर ब्रिटिश वार्ताहर नौदलाच्या जहाजांवर होते आणि बातमी पाठवायची साधनंही नौदलाच्याच हातात होती. काही चित्रफिती लंडनला पोहोचायला तीन आठवड्यांहून अधिक लागले. सोबत म्हणजे हे सगळं.

पण ‘आश्रित’ म्हटलं की निकाल लागला. त्या माणसाने पुढे काय लिहिलं, हे वाचायच्या आधीच आपण त्याला विकलेला ठरवतो. १८५३-५६ च्या क्रिमियन युद्धात लंडनच्या टाइम्सचे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल ब्रिटिश सैन्याच्या मागोमागच होते. त्यांनीच सैनिकांचे हाल जगासमोर आणले आणि सेनापती रॅग्लनचा रोष ओढवून घेतला. हेच रसेल १८५८ मध्ये लखनौच्या मोहिमेत ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या छावणीत होते. छावणीत राहणं आणि छावणीचं होणं यात अंतर असू शकतं, आणि ते अंतर मोजण्याचा हक्क वाचकाचा आहे. भाषांतरकाराने तो काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

‘युनिलॅटरल’ला ‘एकतर्फी’ मात्र लिहू नका. मराठीत एकतर्फी बातमी म्हणजे पक्षपाती बातमी, अर्थ पार उलटा होईल. स्वतंत्रपणे फिरणारा पत्रकार म्हणा. आयटीएन या ब्रिटिश दूरचित्रवाणी वृत्तसंस्थेचे टेरी लॉइड असेच होते. २२ मार्च २००३ रोजी बसराजवळ ते मारले गेले. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या चौकशीत अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात झालेली ती बेकायदा हत्या असल्याचा निष्कर्ष निघाला. तुमच्या लेखात त्यांचा उल्लेख असेल तर ‘एकतर्फी’ हा शब्द त्यांच्यावर अन्याय करेल.

शब्दवेडी

लॉइड यांचा उल्लेख आहे, आणि मी खरंच ‘एकतर्फी’ लिहून ठेवलं होतं. बदलते. पहिलं वाक्य असं केलं तर? ‘तुकडीसोबतचे वार्ताहर, म्हणजे लष्कराच्या नियमांवर सही करून एखाद्या तुकडीबरोबर राहणारे पत्रकार.’ पुढे नुसतं ‘तुकडीसोबतचे’.

जुना उपसंपादक

चालेल. फक्त ‘लष्कराच्या’ऐवजी ‘अमेरिकी लष्कराच्या’ करा. ब्रिटिश तुकड्यांबरोबरही वार्ताहर होते, त्यांचा उल्लेख आला तर तिथे वेगळं लिहा.