सारे आधीच ठरलेले असेल, तर इनियसच्या कर्तव्याला मोल कशाचे?

करवीरकर:
नमस्कार. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात पाहिली, तेव्हापासून रोमन वाङ्मयाची ओढ लागली आणि सध्या रोमन कवी व्हर्जिलचे ‘इनीड’ हे महाकाव्य अनुवादातून वाचतो आहे. पहिल्याच सर्गात देवांचा राजा ज्युपिटर व्हीनस देवीला सांगून टाकतो, की तिचा मुलगा इनियस, पाडाव झालेल्या ट्रॉयमधून निघालेला वीर, इटलीत पोहोचेल आणि त्याच्या वंशजांना अंत नसलेले साम्राज्य मिळेल. चौथ्या सर्गात देवांचा दूत मर्क्युरी ज्युपिटरची आज्ञा घेऊन येताच इनियस आपल्या प्रेयसीला, कार्थेजची राणी डायडोला, सोडून निघतो आणि इटलीला आपण स्वखुशीने जात नाही, असेही तिला सांगतो. शेवट ठरलेला आणि निघण्याची आज्ञाही वरूनच आलेली असेल, तर या माणसाला कर्तव्यनिष्ठ का म्हणायचे? गीतेतला अर्जुन निदान प्रश्न विचारतो, शंका फेडून घेतो आणि मगच धनुष्य उचलतो. ज्यांनी हे काव्य बारकाईने वाचले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंचगंगाकाठ:
पाचवा सर्ग पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. सिसिलीत ट्रॉयच्या लोकांचा द्वेष करणाऱ्या ज्यूनो देवीच्या चिथावणीने, भटकंतीला कंटाळलेल्या ट्रॉयच्या स्त्रियाच आपली जहाजे पेटवतात; पावसाने आग विझते, तरी चार जहाजे जातात. त्या वेळी इनियस नियती विसरून सिसिलीतच वस्ती करावी का, असा विचार करतो. ज्युपिटरचे वचन आपण वाचलेले असते, त्याने ते ऐकलेले नसते. त्याच्या वाट्याला स्वप्ने, शकुन आणि अर्धवट कळलेली भाकिते येतात, आणि तेवढ्यावर भिस्त ठेवून त्याला रोज निर्णय घ्यावे लागतात. अखेर वृद्ध नॉटिझचा सल्ला आणि स्वप्नात आलेल्या वडिलांचा आदेश मानून तो थकलेल्यांना तिथेच वसवतो आणि उरलेल्यांना घेऊन पुढे जातो. अर्जुनाला कृष्णाने समोर उभे राहून उत्तरे दिली. इनियसची आई मात्र पहिल्या सर्गात वेष पालटून भेटते आणि त्याला ओळख पटते ती निघून जात असतानाच. अशा एकाकीपणात पाळलेले कर्तव्य मला तरी कमी मोलाचे वाटत नाही.

जुनी पाने:
वरील मत मान्य आहे, पण नियतीने सारेच ठरवले आहे असे खुद्द व्हर्जिलही म्हणत नाही. इनियस गेल्यावर डायडो आत्महत्या करते. त्या मृत्यूविषयी तो स्पष्ट लिहितो, की तो मृत्यू नियतीनेही आला नाही आणि डायडोच्या कर्माचे फळही नव्हता. ती बिचारी वेळेआधी गेली. सातव्या सर्गात ज्यूनो कबूल करते, की इनियसचे इटलीतील लॅटियम प्रदेशातले राज्य तिला टाळता येणार नाही, मात्र विलंब लावता येईल आणि दोन्ही बाजूंची माणसे मारता येतील. नियतीने मुक्काम नेमला आहे. वाटेवर किती रक्त सांडायचे, हे ती सांगत नाही. आपण पाहिलेला पोसायडन या काव्यात नेपच्यून या नावाने येतो आणि इनियसचा ताफा सुखरूप पोहोचवण्याच्या बदल्यात एक जीव मागतो. तो जीव जातो सुकाणू धरून जागणाऱ्या पॅलिन्युरसचा, ज्याची काहीही चूक नव्हती. माझ्या मते व्हर्जिलचे मोठेपण इथे आहे, की साम्राज्याची थोरवी गाताना तो त्याची किंमत लपवत नाही.

करवीरकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग बाराव्या सर्गातील टर्नसच्या, म्हणजे इनियसच्या इटलीतील प्रतिस्पर्ध्याच्या, वधाकडे कसे पाहावे?

पंचगंगाकाठ:
सर्वांत अवघड जागा तीच आहे. सहाव्या सर्गात पित्याने, अँकायसिसने, शरण आलेल्याला अभय देणे आणि उन्मत्ताला नमवणे हा रोमचा धर्म म्हणून सांगितलेला आहे. जखमी टर्नस पराभव मान्य करून आपल्या वृद्ध पित्याच्या नावाने विनवतो, तेव्हा इनियसचा हात थांबतोही. पण टर्नसने मारलेल्या आपल्या तरुण साथीदाराचा, पॅलासचा, पट्टा टर्नसच्या खांद्यावर दिसताच संतापाने तो त्याला ठार करतो. त्या क्षणी कोणताही देव त्याला आज्ञा देत नाही, म्हणून हे कृत्य नियतीच्या माथी मारता येत नाही. तरीही त्याला केवळ क्रोध म्हणणे मला पटत नाही, कारण अकराव्या सर्गात पॅलासच्या वडिलांनी, इव्हँडरने, टर्नसचा जीव हे इनियसवरचे ऋण असल्याचा निरोप पाठवलेला आहे. एका बापाची शिकवण पाळावी, तर दुसऱ्या बापाचे ऋण बुडते. तेव्हा बाराव्या सर्गाआधी इव्हँडरचा तो विलाप सावकाश वाचावा.