फिजिओथेरपी म्हणजे दहा दिवसांचा शेक नव्हे

माहीमकरीण
परवा इथे एकांनी लिहिलं, 'फिजिओथेरपी म्हणजे पैसे उकळायचा धंदा. हातपाय वरखाली करायचे ते यूट्यूब बघून घरीही होतं.' खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाने हे वाचलं तर तो जायचाच नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आईचा खांदा आखडला होता, फ्रोजन शोल्डर. तिला डायबेटिस आहे आणि अशांना हा त्रास जास्त होतो, हे आम्हाला फिजिओकडेच कळलं. पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. हात पुढून किती वर जातो, पाठीमागे कुठवर पोहोचतो, ते मोजून कागदावर लिहिलं. 'तुम्हाला काय करता येत नाही?' असं विचारलं. आई म्हणाली, केसांचा अंबाडा. तेही लिहिलं. मग भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, काठी धरून हात फिरवायचा. हा खांदा सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, हेही स्पष्ट सांगितलं.

तेव्हा नव्याने जाणाऱ्यांनो, जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी न्या, सैल कपडे घाला. पेसमेकर किंवा शरीरात रॉड-प्लेट असेल तर विचारायची वाट न बघता सांगा, काही मशिनं अशांना चालत नाहीत. घरी काय करायचं आणि किती दुखलं की थांबायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका.

ठाणेकर_काका
ते मीच लिहिलं होतं. तुमच्या आईला चांगली फिजिओ मिळाली, आनंद आहे. माझं ऐका. कंबर धरली म्हणून गेलो, तर आधी दहा सिटिंगचे पैसे भरून घेतले. रोज पालथं झोपवायचं, आयएफटीचे, म्हणजे सौम्य वीज सोडणाऱ्या मशीनचे, पॅड चिकटवायचे, पडदा ओढायचा आणि बाहेर फोनवर गप्पा. मशीन वाजलं की 'उद्या या'. एकदाही कुणी 'वाकून दाखवा' म्हणालं नाही. याला धंदा नाही तर काय म्हणायचं?

परळची_फिजिओ
काका, हे चूकच आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. कुठल्या आजाराला कोणते उपचार द्यावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय की कंबरदुखीला आयएफटी, टेन्स, अल्ट्रासाउंड असली मशिनं लावू नका, व्यायाम द्या. पण दुसरी बाजूही बघा. मी व्यायाम दिला की पेशंट बाहेर जाऊन सांगतो, 'डॉक्टरने काहीच केलं नाही, साधा शेकही दिला नाही.'

गिरगाव_जुना
डॉक्टर? फिजिओ डॉक्टर कधीपासून झाले? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 'डॉ.' लावू नका म्हणून पत्र काढलं होतं.

परळची_फिजिओ
ते लगेच मागेही घेतलं, तेवढं बरं विसरलात. आणि 'डॉक्टर' असं पेशंट म्हणतात, मी नाही. साडेचार वर्षं शिकलोय आम्ही.

गिरगाव_जुना
मागे घेतलं म्हणून पटलं असं नाही. माझ्या मेहुण्याची कंबर दुखायची. तपासणी नाही, काही नाही, पाटीवरचं 'डॉ.' बघून शेक घेत बसला. पाय बधिर झाला, लघवी अडकली, शेवटी रात्री धावाधाव करून ऑपरेशन. त्याला कळणार कसं समोर कोण बसलंय?

माहीमकरीण
अहो, एम.बी.बी.एस.वालेसुद्धा पेनकिलर देऊन घरी पाठवतात! सगळं खापर यांच्यावरच का?

परळची_फिजिओ
मेहुण्यांचं ऐकून वाईट वाटलं. जांघेत बधिरपणा, पायातला जोर जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर फिजिओ नको, सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. पहिल्या भेटीत हे विचारायचंच असतं. ज्याने विचारलं नाही त्याची चूक, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

गिरगाव_जुना
एवढं मान्य. 'डॉ.' मात्र मान्य नाही.

लालबाग_गल्ली
त्या 'डॉ.'वरून किती भांडाल? काकांचा प्रश्न पैशाचा होता. केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या हॉस्पिटलांत केसपेपर काढा. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. गर्दी असते, पण शिकवतात नीट.

विरार_लोकल
सल्ला द्यायला काय जातं? वडिलांना पॅरालिसिस झालाय, डावी बाजू गेली. त्यांना विरारहून गाडीत चढवून दाखवा एकदा, मग केईएम सांगा. घरी येणाऱ्याचे रोजचे पैसे परवडत नाहीत, आणि आमच्या मेडिक्लेममध्ये ते बसत नाहीत.

ठाणेकर_काका
बघा! मी हेच म्हणत होतो. चांगले फिजिओ असतील, नाही म्हणत नाही. पण तपासायच्या आधी दहा दिवसांचे पैसे घेणारा धंदेवाईकच, हे मी मागे घेणार नाही.

परळची_फिजिओ
काका, घेऊ नका मागे. @विरार_लोकल, रोज बोलवायची गरज नाही. आठवड्यातून एकदा बोलवा आणि तेवढ्या वेळात घरच्यांनी शिकून घ्या. कुशीवर कसं वळवायचं, पलंगाच्या कडेला कसं बसवायचं, ते त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. आणि उठवताना डावा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. त्या बाजूचे स्नायू ढिले असतात, खांदा निसटतो आणि मग दुखणं मागे लागतं.

विरार_लोकल
डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांचा कागद दिला, बिल दिलं, फॉलोअपची तारीख दिली. हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. वॉर्डबॉय आमच्यासमोर काखेत हात घालूनच उठवायचा. रविवारी कुणीतरी बोलवतो, भावालाही थांबवून घेतो.