मदत हवी आहे : लकव्यानंतर रुग्ण सुधारत असताना पुन्हा एमआरआय करावा का?

नमस्कार. माझे वडील, वय ६४, दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातच त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि वाचा गेली. शेजाऱ्यांची गाडी धुऱ्यापर्यंत आली म्हणून यवतमाळ वेळेत गाठता आले आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या मुदतीत मिळाले. त्या उपचारांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. विचारायचे आहे ते त्यानंतरच्या स्कॅनविषयी.

इंजेक्शनपूर्वीच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता आणि बाकी मेंदूही ठीकच दिसत होता. २४ तासांनी पुन्हा सीटी केला, तेव्हा डाव्या बाजूला काळसर भाग स्पष्ट दिसला आणि त्यात रक्ताचे बारीक ठिपकेही होते. बाबा तर त्याच सकाळी पाय उचलू लागले होते, त्यामुळे माणूस सुधारतो आणि रिपोर्ट बिघडतो हे कसे, असे घरात सगळेच विचारू लागले. डॉक्टरांनी सांगितले की रक्तपुरवठा तुटलेला भाग पहिल्या काही तासांत साध्या सीटीवर दिसेलच असे नाही, आणि दुसरा स्कॅन मुख्यतः रक्तस्राव झाला आहे का हे पाहून नवी गुठळी होऊ न देणारे अ‍ॅस्पिरिन द्यायचे की थांबायचे हे ठरवण्यासाठी असतो. ठिपक्यांमुळे त्यांनी अ‍ॅस्पिरिन लांबवले, काही दिवसांनी सीटी पुन्हा पाहिला आणि मगच गोळी सुरू केली.

आता बाबा घरी आहेत आणि काठी घेऊन अंगणात फिरतात. चहाची बशी उजव्या हातात दिली तर अंगठा आणि पहिले बोट कड धरून ठेवतात, पण करंगळीकडची बाजू लवते आणि चहा सांडतो. बोलणे परतले आहे, मात्र ‘वावर’ म्हणायचे तिथे ‘बंडी’ म्हणतात आणि चुकले हे कळल्यावर चिडतात.

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सुचवले आहे की नागपूरला नेऊन एमआरआय करावा, म्हणजे मेंदू किती भरून आला ते कळेल. नागपूर येथून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. माझ्या समजुतीप्रमाणे मेलेला भाग पुन्हा भरून येत नाही, त्याचा व्रण राहतोच, आणि सुधारणा होते ती आजूबाजूचा वाचलेला भाग काम उचलतो म्हणून. आमच्या नात्यातील एकाचा तिसऱ्या आठवड्यातील सीटी जवळजवळ साफ आला होता, तरी त्यांचा हात आजही उठत नाही. त्या सुमारास सीटीवर तो भाग काही काळ आसपासच्या मेंदूसारखाच दिसू शकतो, असे मला नंतर समजले. त्यामुळे फोटोवरून माणसाची प्रगती मोजणे मला पटत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो : नवे लक्षण नसताना केलेल्या एमआरआयमुळे औषधांत किंवा व्यायामात काही बदल होतो का? की तोच खर्च मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि हृदयाच्या ठोक्यांची तपासणी यांवर करावा, कारण गुठळी कुठून आली हे कळले तर पुढचा झटका टाळण्याचे औषध ठरवता येईल? हृदयाचा ईसीजी इस्पितळात काढला होता, पण ठोके अधूनमधून अनियमित होत असतील तर ते एका ईसीजीत सापडतीलच असे नाही, असे वाचले आहे. जोराची डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा नव्याने आलेली कमजोरी दिसल्यास कोणाच्या उत्तराची वाट न पाहता रुग्णालयात न्यायचे, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो असे सगळेच सांगतात, आणि आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी यवतमाळला जावे लागते. दारव्हा, दिग्रस किंवा आर्णी भागात घरी येणारे कोणी असल्यास, तसेच मराठीतून वाचा-उपचार मोबाईलवर व्हिडिओद्वारे देणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. तिन्ही सीटींच्या रिपोर्टमधील मजकूर नाव वगळून येथे देण्याची माझी तयारी आहे.