खिळ्याचं डोकं नालाच्या खाचेत बुडतंय, नंबर वाढवू का?

चौखूर: घोड्याचे पुढचे दोन्ही नाल तीन आठवड्यांतच खुळखुळायला लागलेत. खाचेचा स्टीलचा नाल, खिळे ५ नंबर सिटी हेड (खिळ्याच्या डोक्याचा एक प्रकार). ठोकल्यावर डोकं खाचेत पार आत जातं. खुराची भिंत पातळ, म्हणून ६ नंबर घालायला हात धजत नाही.

कानसवाला: डोकं बुडतंय म्हणजे या नालाला खिळा लहान. नीट बसलेल्या खिळ्याचं डोकं नालाच्या वर एक-दीड मिलिमीटर राहतं आणि मान, म्हणजे डोक्याखालचा भाग, भोकात गच्च भरते. नाल धरून ठेवते ती ही मान. खुराबाहेर आलेल्या, नुसत्या मुरडलेल्या टोकांच्या भरवशावर नाल टिकत नाही. मान सैल असली की दर पावलाला नाल केसभर सरकतो, खुरातली भोकं रुंदावतात, टोकं उसवतात. नाल चढवण्याआधी सुटा खिळा भोकात घालून बोटाने हलवा. डगडगला तर तो नंबर बाद.

उलट डोकं खाचेला मोठं असेल तर ते अर्धवट अडकतं, बाहेरचा भाग घासून जातो आणि पकड संपते.

टापटीप: वरचं खरं, पण पातळ भिंतीत सरळ ६ नको. नंबर वाढला की पातंही, म्हणजे खुरात शिरणारा भागही, जाड होतो. मग भिंत तडकते, नाहीतर आतल्या जिवंत भागावर दाब येतो. तो लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी घोडा लंगडतो. त्यापेक्षा ई-स्लिम प्रकारचा खिळा घालून बघा, डोकं मोठं आणि पातं बारीक. तेही जमत नसेल तर अरुंद खाचेचा हलका नाल घ्या.

ठोकताना आवाज ऐका. खुराच्या टणक शिंगात (बाहेरच्या कडक भागात) शिरलेला खिळा खणखणीत वाजतो. आवाज बद्दच येत राहिला तर खिळा आतल्या जिवंत भागाकडे चाललाय, तिथेच उपटा. टोक नालापासून साधारण दोन सेंटिमीटर उंचीवर भिंतीतून बाहेर यायला हवं. रक्त दिसलं तर भोक जंतुनाशकाने धुवा, त्यात पुन्हा खिळा नको, आणि धनुर्वाताच्या लशीचं डॉक्टरांना विचारा.

कानसवाला: नाल नवा आहे की जुनाच परत ठोकलाय?

चौखूर: जुनाच, दुसऱ्यांदा.

कानसवाला: मग भोकंच झिजलीत. नवा नाल घ्या, ५ नंबर त्यात सुटा घालून बघा, कदाचित तोच चालेल. आणि खिळ्याच्या डोक्याच्या एका बाजूवरची खूण खुराच्या आतल्या बाजूला हवी. उलटा धरला तर टोक बाहेर न वळता आत घुसतं.